टाइप टेस्ट १८० ठिकाणी: ॲपलच्या स्वतःच्या मोडेमचं प्रकरण

मामांच्या टेबलावर एक टॅप स्विच उघडून ठेवला होता. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, त्यांचं वितरण ट्रान्सफॉर्मरचं छोटं युनिट आहे आणि तिथली खरेदी मी बघते. टॅप स्विच म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज टप्प्याटप्प्याने बदलणारा स्विच. आमचा कायमचा बॉट-आउट, म्हणजे बाहेरून विकत आणायचा आयटम, तोही वर्षानुवर्षं एकाच पुरवठादाराकडून. यंदा त्याने भाव चढवला, आणि वर माल दिवाळीनंतरच मिळेल असंही कळवलं. मामा भडकले. "अगं, पितळेचे कॉन्टॅक्ट, चार स्प्रिंगा आणि एक बेकेलाइटची चकती. त्यात आहे काय एवढं? आपणच करू."

आम्ही चार-पाच युनिटांतले खरेदीवाले महिन्यातून एका शनिवारी एकत्र बसतो. बहुतेक दांडिया बाजार आणि रावपुऱ्याकडची मराठी घरं. सेव-उसळ मागवतो आणि कुणीतरी एक प्रकरण लिहून आणतं. त्या वेळी पाळी माझी होती. टॅप स्विच डोक्यात घोळत होता, म्हणून मी ॲपलच्या मोडेमचं प्रकरण घेतलं: आयफोनमध्ये वर्षानुवर्षं क्वालकॉम या अमेरिकन चिप-कंपनीचा मोडेम बसत होता, तिथे ॲपलने २०२५ मध्ये स्वतःचा बसवला, तो कसा. खाली तेच टिपण आहे, थोडं नीट करून.

मोडेम करतो काय

फोनमधला टॉवरशी बोलणारा भाग म्हणजे मोडेम. हे वाक्य फसवं आहे, कारण त्यातून एका तारेवरचं संभाषण डोळ्यांपुढे येतं. खरं तर टॉवरचा सिग्नल भिंतींवर, बसवर, होर्डिंगवर आपटून अनेक वाटांनी येतो आणि प्रत्येक प्रत किंचित उशिरा पोचते. हा सगळा कालवा मोडेमला सोडवावा लागतो. थ्री-जीत टॉवर फोनला 'जोरात बोल, हळू बोल' असं सेकंदाला १,५०० वेळा सांगत असे. फोर-जीत कुणाला किती जागा द्यायची याचं वाटप दर मिलिसेकंदाला नव्याने होतं. ही सगळी पळापळ फोन खिशात असताना चालते, आणि बॅटरी मात्र संध्याकाळपर्यंत पुरायला हवी असते.

बडोद्याचंच उदाहरण घ्या. २५ नोव्हेंबर २०२२ ला जिओने गुजरातच्या तेव्हाच्या ३३ही जिल्हा मुख्यालयांत फाइव्ह-जी सुरू केलं, त्यात आपलं शहर आलं. जिओचं फाइव्ह-जी स्वतंत्र, म्हणजे फोर-जीच्या आधाराशिवाय चालणारं. एअरटेलने सुरुवात केली ती फोर-जीचा हात धरून चालणाऱ्या फाइव्ह-जीने. आता एकाच फोनमध्ये एक सिम जिओचं आणि एक एअरटेलचं, हे आपल्याकडे रोजचं. अशा फोनवर बोलत कुणी रिक्षाने अलकापुरीच्या गरनाळ्यात शिरला की वर रेल्वेचे रूळ, खाली काँक्रीट आणि सिग्नल पार खाली. तेवढ्या काही सेकंदांत मोडेमने एका सिमवरचं बोलणं धरून ठेवायचं, दुसऱ्या सिमवर कुणी हाक मारतंय का तेही ऐकायचं, आणि पलीकडे बाहेर पडताच नवा टॉवर पकडायचा. दोन कंपन्या, दोन रीती, कान एकच.

यातला बेसबँड हा भाग आकडेमोड करतो आणि ट्रान्सीव्हर लहरींची देवाणघेवाण सांभाळतो. चिप उत्तम असली तरी पुरत नाही. जगातल्या प्रत्येक कंपनीच्या टॉवरच्या खोडी त्या चिपच्या सॉफ्टवेअरला ठाऊक असाव्या लागतात, आणि त्या खोडी कुठल्या पुस्तकात लिहिलेल्या नसतात.

आमच्या धंद्यातल्या माणसाला हे लगेच कळतं. ट्रान्सफॉर्मर तुम्ही कितीही सुंदर बनवा, मकरपुऱ्यातल्याच 'एर्डा'सारख्या प्रयोगशाळेत त्याची टाइप टेस्ट होऊन शिक्का मिळेपर्यंत वीज कंपनीचं टेंडर तुमच्यासाठी बंद. शॉर्ट सर्किटचा दणका, विजेच्या कडकडाटाएवढा इम्पल्स, तापमानवाढ, सगळं दुसऱ्याच्या अंगणात, दुसऱ्याच्या मोजमापाने. ॲपलने पहिल्या मोडेमची चाचणी ५५ देशांतल्या १८० मोबाइल कंपन्यांबरोबर केली. म्हणजे १८० टाइप टेस्टा, आणि प्रत्येक परीक्षकाचं अंगण वेगळं.

हे नातं बिघडलं कसं

पहिला आयफोन २००७ चा, त्यात जर्मनीच्या इन्फिनिऑनचा मोडेम होता. इन्फिनिऑनचा हा धंदा इंटेलने १४० कोटी डॉलरला घ्यायचं २०१० मध्ये ठरवलं. पुढच्याच वर्षी ॲपलने मात्र क्वालकॉमची वाट धरली, आणि २०१६ पर्यंत नव्या आयफोनमध्ये दुसऱ्या कुणाचा मोडेम बसला नाही.

क्वालकॉमची खासियत अशी की ती दोन खिडक्यांवर पैसे घेते. एका खिडकीवर चिपचे. दुसऱ्या खिडकीवर पेटंटचे, आणि ते चिपच्या नव्हे तर फोनच्या किमतीच्या हिशेबात. आधी परवाना घ्या, मगच चिप, असा रिवाज. म्हणजे आमच्या टॅप स्विचवाल्याने स्विचचे पैसे घ्यावेत आणि वर अख्ख्या ट्रान्सफॉर्मरच्या बिलावर टक्केवारी मागावी. ॲपलचे तेव्हाचे मुख्य कार्यचालन अधिकारी जेफ विल्यम्स यांनी जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयात सांगितलं की ॲपल दर फोनमागे साडेसात डॉलर रॉयल्टी भरत होती. साडेसात डॉलर ऐकायला किरकोळ वाटतात, पण फोन कोट्यवधी असतात.

ॲपलने आधी केलं ते कुणीही खरेदीवाला करतो: दुसरा पुरवठादार उभा केला. २०१६ च्या आयफोन ७ मध्ये काही फोनांत इंटेलचा मोडेम, काहींत क्वालकॉमचा. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने क्वालकॉमवर मक्तेदारीचा दावा लावला, तीन दिवसांनी ॲपलने शंभर कोटी डॉलरचा आपला दावा ठोकला. मग ॲपलचे फोन जुळवणाऱ्या कंपन्यांनी रॉयल्टी भरायची थांबवली. क्वालकॉमनेही हात आखडला. २०१८ च्या फोनांसाठी आम्हाला दोघांकडूनही माल हवा होता, पण क्वालकॉमने विकायला नकार दिला, असं विल्यम्स यांनीच त्या साक्षीत सांगितलं. त्या वर्षीचे आयफोन फक्त इंटेलवर निघाले.

जर्मनीत तर गंमतच झाली. तिथल्या न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये आयफोन ७ आणि ८ च्या विक्रीवर बंदी आणली. फेब्रुवारीत ॲपलने तेच फोन पुन्हा दुकानांत ठेवले, पण फक्त क्वालकॉमची चिप असलेले. ज्याच्याशी कोर्टात भांडायचं त्याच्याच मालाने दुकान उघडं ठेवायचं. खरेदीत एवढं नाक कापून घेतल्याचं दुसरं उदाहरण माझ्या तरी वाचनात नाही.

दरम्यान फाइव्ह-जी दारात उभं होतं आणि इंटेलचा फाइव्ह-जी मोडेम वेळेवर तयार होईना.

एप्रिल ते जुलै २०१९

या प्रकरणाचं मर्म माझ्या मते या चार महिन्यांत आहे, म्हणून जरा सावकाश.

१६ एप्रिल २०१९ ला सॅन डिएगोच्या न्यायालयात वकिलांची सुरुवातीची भाषणं चालू होती. ती चालू असतानाच समेटाची बातमी आली. ॲपलने एकरकमी पैसे द्यायचे, १ एप्रिलपासून सहा वर्षांचा परवाना घ्यायचा, तो आणखी दोन वर्षं वाढवायची मुभा, आणि पुढची काही वर्षं चिपही क्वालकॉमकडूनच. क्वालकॉमने त्या तिमाहीत या समेटापोटी सुमारे ४७० कोटी डॉलरचं उत्पन्न दाखवलं. त्याच दिवशी इंटेलने जाहीर केलं की फोनसाठीच्या फाइव्ह-जी मोडेमच्या धंद्यातून आपण बाहेर पडतोय.

वर्तमानपत्रांनी याला ॲपलची माघार म्हटलं. माघार होतीच. पण २५ जुलैला ॲपलने इंटेलचा तो मोडेम-धंदा शंभर कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं: सुमारे २,२०० माणसं, प्रयोगशाळेतली यंत्रं, पेटंटं. आपली आधीची धरून ॲपलकडे वायरलेसची १७,००० हून जास्त पेटंटं झाली.

शनिवारी आमच्यातल्या एका भाऊंनी इथेच मला अडवलं. "जी टीम फाइव्ह-जी वेळेत देऊ शकली नाही, तीच विकत घेतली? हा काय हिशेब?" प्रश्न रास्त होता. माझं उत्तर असं, की ती टीम फाइव्ह-जीत मागे पडली, पण त्याआधी तिचा फोर-जी मोडेम जगभरच्या आयफोनांत चालला होता. कुठल्या देशात कुठल्या कंपनीचा टॉवर कसा वागतो, कुठे बोलणं मधेच तुटतं, याच्या नोंदी तिच्याकडे होत्या. टाइप टेस्टला एकदा नापास झालेला डिझायनर मला नव्याकोऱ्या हुशार पोरापेक्षा जास्त कामाचा वाटतो, कारण दणका कुठे बसतो ते त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. भाऊंना हे पुरतं पटलं नाही. "नापास तो नापास," म्हणाले आणि उसळीकडे वळले.

आणि समेटाने ॲपलला काय मिळालं? वेळ. २०२० चा आयफोन १२ हा फाइव्ह-जीचा पहिला आयफोन, तो क्वालकॉमच्या मोडेमवर निघाला. स्वतःचं पोर शाळेत जाईपर्यंत घर चालवायला शेजाऱ्याचा पगार.

मधली साडेपाच वर्षं

ॲपलचे चिप-प्रमुख जॉनी स्रूजी यांनी डिसेंबर २०२० मध्ये कर्मचाऱ्यांना सांगितलं की कंपनीने आपला पहिला सेल्युलर मोडेम करायला घेतला आहे. मार्च २०२१ मध्ये म्युनिकसाठी शंभर कोटी युरोहून मोठ्या गुंतवणुकीची घोषणा झाली. म्युनिक म्हणजे इन्फिनिऑनचं गाव, मोडेमची जुनी माणसं तिथलीच. माणसं होती तिथे ॲपल गेली, हे मला आवडलं.

क्वालकॉमनेही लपवाछपवी केली नाही. २०२३ च्या आयफोनांपैकी २० टक्क्यांनाच आपला मोडेम लागेल असं धरून चालतोय, हे तिने नोव्हेंबर २०२१ मध्येच गुंतवणूकदारांना सांगून टाकलं. वर्षभराने आकडा फिरवावा लागला: बहुतेक सगळे आयफोन आपल्याच मोडेमवर निघणार. सप्टेंबर २०२३ मध्ये पुरवठ्याचा करार वाढला, २०२४, २०२५ आणि २०२६ च्या फोनांसाठी. त्याच महिन्यात वॉल स्ट्रीट जर्नलने बातमी दिली की २०२२ च्या अखेरीस झालेल्या चाचण्यांत ॲपलची चिप मंद ठरली होती आणि तापत होती.

हीच ॲपल २०१० मध्ये स्वतःच्या नावाचा ए-फोर प्रोसेसर घेऊन आली आणि २०२० मध्ये एम-वन आणून मॅकमधून इंटेलला तिने बाहेरची वाट दाखवली. मग मोडेमलाच एवढा उशीर का? प्रोसेसरचा परीक्षक ॲपल स्वतः आहे. फोन तिचा, सॉफ्टवेअर तिचं, प्रश्नपत्रिकाही तिचीच. मोडेमचा पेपर काढणारे शेकडो लोक बाहेर बसलेत, कुणी टोकियोत, कुणी नागपूरच्या टॉवरवर, आणि त्यांच्यातला एकही ॲपलचा नोकर नाही.

ज्यांना हे जमलं नाही त्यांची यादी मोठी आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या धंद्यातून बाहेर पडली, एसटी-एरिक्सन २०१३ मध्ये मोडली, ब्रॉडकॉमने २०१४ मध्ये मोडेमचं दुकान आवरलं, एनव्हिडियाने २०११ मध्ये आइसेरा ही मोडेम-कंपनी घेतली आणि पुढे तो नाद सोडला. यातली एकही कंपनी लिंबूटिंबू नव्हती.

धाकट्यापासून सुरुवात

१९ फेब्रुवारी २०२५ ला आयफोन १६-ई आला आणि त्यात ॲपलचा सी-वन मोडेम होता. बेसबँड ४ नॅनोमीटरचा, ट्रान्सीव्हर ७ नॅनोमीटरचा (आकडा लहान तेवढी चिपवरची वीण बारीक). फोन निवडला तो त्या वर्षीच्या रांगेतला सर्वांत स्वस्त, तेव्हा भारतात ५९,९०० रुपयांपासून. आमच्या सेव-उसळवाल्याचं असंच आहे. तरीचा मसाला बदलायचा झाला तर तो आधी दुपारच्या सुस्त वेळेत छोट्या पातेल्यात करून बघतो, रविवार सकाळच्या रांगेला वाढत नाही.

सी-वनमध्ये मिलिमीटर लहरींचं अतिवेगवान फाइव्ह-जी नव्हतं. अमेरिकेत यावरून बरंच लिहिलं गेलं. आपल्याकडे त्याचं सोयरसुतक नाही, कारण भारतात विकले जाणारे आयफोन त्या लहरी धरतच नाहीत. ऊकला या वेग मोजणाऱ्या संस्थेने अमेरिकेतली मापनं तपासली तेव्हा मजेशीर चित्र दिसलं: वेगाच्या वरच्या टोकाला क्वालकॉमवाला आयफोन १६ पुढे, पण सर्वांत खराब जोडणीच्या तळच्या थरात १६-ई सरस. गरनाळ्यातल्या माणसाला कामाचं काय, ते सांगायला नको.

ॲपलने दाखवलेला मोठा फायदा म्हणजे वीजबचत. १६-ई वर २६ तास व्हिडिओ, १६ वर २२. हे चारही तास मोडेमच्या खात्यावर मी टाकणार नाही, कारण १६-ईची बॅटरीही मोठी आहे. मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. टॉवरवर गर्दी असताना कुठला डेटा तातडीचा आहे हे आता फोनचा प्रोसेसर मोडेमला सांगू शकतो. मोडेम दुसऱ्याचा असता तर हे कानात सांगणं एवढं सोपं नव्हतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये आयफोन एअरमध्ये सी-वन-एक्स आला. सी-वनच्या दुप्पट वेग, आणि आयफोन १६ प्रोमधल्या मोडेमपेक्षा ३० टक्के कमी वीज, असा ॲपलचा दावा. ऑक्टोबरात तोच आयपॅड प्रोमध्ये गेला. पण त्याच सप्टेंबरात आलेले १७ आणि १७ प्रो, म्हणजे ज्यांच्यावर घर चालतं ते फोन, क्वालकॉमच्याच मोडेमवर होते.

दुसरी खिडकी उघडीच

शनिवारी सगळ्यांना चकित केलं ते या मुद्द्याने. स्वतःचा मोडेम केल्याने क्वालकॉमची पहिली खिडकी हळूहळू बंद होते. दुसरी बंद होत नाही. फोर-जी आणि फाइव्ह-जीच्या मानकांतच क्वालकॉमची पेटंटं विणलेली आहेत, चिप कुणाचीही असो. ॲपलने तो परवाना मार्च २०२७ पर्यंत वाढवून घेतला आहे. व्यापार आयोगाचा दावा खालच्या न्यायालयात मे २०१९ मध्ये जिंकला गेला, पण ऑगस्ट २०२० मध्ये वरच्या न्यायालयाने निकाल उलटवला, त्यामुळे तिकडूनही सुटका झाली नाही. आता नवा परवाना ठरवायला बसताना ॲपलच्या हातात १७,००० पेटंटं आणि चालणारा मोडेम आहे, हा फरक खरा. पण साडेसात डॉलर वाचवायला मोडेम केला, असं कुणी म्हणालं तर मी मान हलवणार नाही.

क्वालकॉमने तरी काय केलं? रडत बसली नाही. ॲपलची गिऱ्हाइकी जाणार हे धरून तिने मोटारी आणि लॅपटॉपच्या चिपांकडे मोर्चा वळवला. २०२१ मध्ये सुमारे १४० कोटी डॉलरला नूव्हिया घेतली, जी ॲपल सोडून आलेल्या चिप-अभियंत्यांनीच काढली होती. देवाणघेवाण अशीही होते.

टेबलावरचा स्विच

टिपण मामांना वाचायला दिलं तोवर आमच्या फिटरने तीन नमुने करून ठेवले होते. दिसायला हुबेहूब. पाच टप्पे, प्रत्येक टप्प्याला टक् असा स्वच्छ आवाज. नव्या नमुन्याचा कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स (हा जितका कमी तितका बरा) ३८ मायक्रोओम आला, विकतच्या स्विचला अगदी तोडीस तोड. मामांची कळी खुलली. मग मी फिटरला हँडल पाचशे वेळा फिरवायला सांगितलं. पोरगं चहा सोडून बसलं आणि मोजत राहिलं. शेवटी मीटर लावला तर तिसऱ्या टप्प्यावर ११० दाखवत होता. मामांनी स्विच उघडला, अंगठ्याने कॉन्टॅक्ट चोळला. चांदीचा मुलामा एका कडेला गेला होता, खालचं पिवळं पितळ दिसत होतं. स्प्रिंग दाबून पाहिली, ती सैलावली होती.

"त्याची स्प्रिंग कसली असते गं?" मामांनी विचारलं.

"ते तो सांगत नाही, मामा."

बराच वेळ ते स्प्रिंग चिमटीत धरून बसले. मग म्हणाले, "त्याच्याकडे एक म्हातारा कारागीर होता ना, मागच्या वर्षी सुटला तो? कुठे असतो सध्या?"

"गोरव्याला, मुलाकडे."

"फोन लाव त्याला."

स्प्रिंग बदलून आता नवे नमुने चाललेत. ते जमले तर आधी खासगी गिऱ्हाइकांच्या १६० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरला लावायचे, वीज कंपनीच्या टेंडरच्या मालाला हात लावायचा नाही. टाइप टेस्टसाठी तारीख मागितली आहे. आणि जुन्या पुरवठादाराला पुढच्या दोन वर्षांची ऑर्डर काल गेली, त्याने मागितलेल्या वाढीव भावाने. सही मामांचीच आहे, जरा तिरकी आली आहे.